घर दुरुस्तीला काढले. धनी घरात आहे काय?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. या दोन कामांत माणसाची खरी पारख होते, असा त्या म्हणीचा भाव आहे. परंतु राहत्या घराची दुरुस्ती हे तिसरे काम त्या म्हणीत आलेले नाही. नवे घर बांधणारा मनुष्य जुन्या घरात राहून ते बांधतो. दिवसभर गवंड्यांच्या मागे उभा राहिला, तरी दिवेलागणीला पाठ फिरवून आपल्या घरी येतो, हातपाय धुतो, लिंगपूजा करतो आणि शांतपणे जेवतो. दुरुस्ती काढणाऱ्याला पाठ फिरवायला जागाच उरत नाही. ज्या सोप्यात तो बसतो, त्याचीच जमीन उकरलेली असते. ज्या चुलीवर त्याचे अन्न शिजते, ती परड्यात पत्र्याखाली गेलेली असते. ज्या छपराखाली तो निजतो, त्याची कौले उतरवून अंगणात रचलेली असतात.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात दिवाळी सरली की ही कामे निघतात आणि मृग लागायच्या आत ती उरकावीत म्हणून सर्वांची घाई चालते. पश्चिमेकडे जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगळुरी कौले, अथणीकडे सरकले की मातीची माळवदे, अशी आपल्याकडची जुनी घरे. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ती लाल कौले घाट चढून आपल्या गावोगावी आली. आता तीच कौले उतरवून स्लॅब घालण्याचे दिवस आहेत. पावसाने वासे कुजतात, वाळवी आढ्याला लागते, मुलांची लग्ने होऊन खोल्या कमी पडतात. ही सारी कारणे रास्त आहेत. काम काढण्यापूर्वी भक्त मठात येतात आणि चांगला दिवस विचारतात. महिना दोन महिन्यांनी तेच भक्त पुन्हा येतात, तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नाही. भावाभावांत बोलणे बंद झालेले असते, पती-पत्नीत दररोज खटका उडत असतो, काढलेले कर्ज पुरेनासे झालेले असते आणि मेस्त्री चार दिवस फिरकलेला नसतो. मग एकच प्रश्न विचारला जातो : स्वामीजी, हे घर पुरे होईपर्यंत डोके ठिकाणावर कसे ठेवायचे?

प्रश्न संसारातला दिसतो; पण त्याच्या पोटात मोठा तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. मनाची शांती ही भोवतालच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे काय? असेल, तर ज्याचे घर नीट तो शांत आणि ज्याचे घर मोडके तो अशांत, असा नियम ठरेल. तसा अनुभव तर नाही. संगमरवरी फरशीवर रात्र रात्र जागणारी माणसे आम्ही पाहिली आहेत आणि गळक्या छपराखाली गाढ झोपणारीही पाहिली आहेत. तरीही प्रत्येक जण मनाशी म्हणतो, एवढा गिलावा होऊ दे, एवढी फरशी बसू दे, मग मी शांत होईन. गिलावा होतो, फरशी बसते, आणि शांती पुढच्या कामाच्या पलीकडे जाऊन बसते.

अक्कमहादेवींचे एक वचन आपणा सर्वांना ठाऊक आहे. डोंगर, समुद्रकाठ आणि बाजारपेठ या तीन ठिकाणी घर करणाऱ्यांचे दाखले देऊन त्यांनी तेथल्या स्वाभाविक त्रासाविषयी विचारले आहे. ज्या जागेचा जो धर्म, तो तेथे प्रकटणारच. तेथे राहायचे पत्करले, की त्याची तक्रार कशी करणार, असा त्या वचनाचा रोख आहे. त्यांनी हे निंदा-स्तुतीच्या संदर्भात सांगितले. पण दाखल्यासाठी त्यांना घरच आठवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बांधकाम म्हटले की धूळ, आवाज, विलंब आणि अंदाजाबाहेरचा खर्च हे त्याचे स्वभावधर्म आहेत. जुनी भिंत फोडल्याशिवाय तिच्या पोटात काय आहे हे मेस्त्रीलाही कळत नाही. म्हणून जो मनुष्य धूळ उडणार नाही असे धरून काम काढतो, त्याला धुळीचा त्रास होतोच, वर आपली फसवणूक झाली असा संतापही होतो. पहिला त्रास टळत नाही. दुसरा त्याने स्वतः आणलेला असतो. अक्कांनी तेथे जो उपाय सांगितला, तो ‘समाधान’ या शब्दाने सांगितला आहे. मराठीत समाधान म्हणजे तृप्ती, असा अर्थ आपण घेतो. कन्नडमध्ये त्याच शब्दाने स्थिर, न डळमळणारे चित्त सूचित होते. दुरुस्ती चालू असता तृप्ती मिळणार नाही. स्थिरता मात्र मिळू शकते.

ही स्थिरता कोणी ठेवायची? येथे महात्मा बसवेश्वरांचे वचन आपल्याला वाट दाखवते. पडीक घराचे चित्र उभे करून त्यांनी विचारले आहे की आत घराचा धनी आहे की नाही. आणि मग त्यांनी तेच चित्र तनूला व मनाला लावले आहे. आपण सीमाभागातील माणसे दोन्ही भाषा बोलतो, म्हणून आपल्याला या वचनाची गोडी अधिक कळावी. कन्नडमध्ये घर म्हणजे ‘मने’ आणि मन म्हणजे ‘मन’. एका मात्रेचे अंतर. बाहेरची अवकळा पाहून आतल्या धन्याची शंका यावी, इतके मने आणि मन शेजारी शेजारी आहेत. परंतु दुरुस्तीच्या काळात या वचनाचा विचार जरा निराळ्या बाजूने करावा लागतो. तेव्हा घरात धूळ असते ती धनी घरात आहे म्हणूनच असते. त्यानेच तर काम काढलेले असते. घराचा धनी हजर आहे, मनाचा धनी हजर आहे काय, एवढेच पाहायचे राहते. धनी हजर असेल तर फुटलेल्या भिंतींतही घर शाबूत असते. तो नसेल, तर रंग दिलेल्या घरातही वाटेल तो विकार येऊन पथारी पसरतो.

मनाचा धनी निघून गेल्याची पहिली खूण म्हणजे क्रोध. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची कथा या दृष्टीने फार मोलाची आहे. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. तेथे सिद्धरामांनी तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, हजारो हात लोककल्याणाच्या कामाला लावले. आजही संक्रांतीला तेथे मोठी यात्रा भरते आणि तलावातील मंदिरात सीमाभागातून भक्त जातात. शून्यसंपादनेत असे आले आहे की, हे काम जोरात चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख खोदकाम करणारा म्हणून बेपर्वाईने केला. कामकरी संतापले, त्यांनी प्रभूंवर दगड टाकले. मग स्वतः सिद्धराम क्रोधाने धावून आले; पण त्या क्रोधाग्नीची आच प्रभूंना लागली नाही. तेव्हा सिद्धराम भानावर आले आणि पुढे प्रभूंच्या सोबतीने कल्याणास गेले.

या कथेतून कोणी असा अर्थ काढील की बांधकाम व्यर्थ आहे. तो अर्थ बरोबर नाही. तो तलाव लोकांच्या तहानेसाठी होता आणि प्रभूंना पाण्याचे वैर नव्हते. त्यांनी एवढेच दाखवून दिले की, इतके पवित्र काम करणारा मनुष्यदेखील ‘हे माझे काम’ या भावनेत गुंतला, की एका शब्दाने पेटतो. लोकांसाठी तलाव बांधणाऱ्या महायोग्याची ही गत, तर स्वतःसाठी स्वयंपाकघर वाढवणाऱ्या आपली काय कथा? गवंड्याने फरशी अर्धा इंच तिरकी बसवली म्हणून आपण चौघांत त्याचा अपमान करतो. फरशी उखडून पुन्हा बसवता येते. त्याच्या पोटच्या पोरासमोर काढलेले शब्द उखडता येत नाहीत.

मनाच्या धन्याने घरात राहावे म्हणून तीन गोष्टी शरणांच्या आचारातून शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट मर्यादा. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य कल्याणात राहत होते. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे आणि त्यावर दासोह चालवणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते घरात ठेवून घेतले नाहीत. जास्तीचे होते ते परत टाकून या, असे पतीला सांगितले. दारिद्र्यात राहणाऱ्या बाईने मूठभर जास्तीचे तांदूळ ओझे मानावे, हे आजच्या माणसाला नवल वाटेल. पण दुरुस्तीच्या घरात हेच ओझे रोज दारात येऊन उभे राहते. गळके छप्पर बदलायचे म्हणून काम निघते. मग वाटते, एवीतेवी धूळ झालीच आहे, तर फरशीही बदलू. फरशी बदलली की जुनी चौकट विजोड दिसते. चौकट नवी केली की शेजाऱ्याच्या दारावरचे कोरीव काम आठवते. मोबाईलवर कोणी तरी एखाद्या बंगल्याचा नमुना पाठवतो आणि रात्रीतून अंदाजपत्रक दीडपट होते. गरज छपराची होती. कर्ज मात्र इच्छेचे झाले. म्हणून काम काढण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून कागदावर लिहावे की काय करायचे आहे आणि काय करायचे नाही. दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची. मेस्त्रीशी दर, माल आणि पैशाचे टप्पे लिहून ठरवावेत. लिहिलेल्या शब्दाने पुष्कळ भांडणे जन्मालाच येत नाहीत. आणि जास्तीचे मनात आले, की घरातल्या कोणी तरी लक्कम्मा व्हावे.

दुसरी गोष्ट काळ. स्लॅब ओतला की तो दुसऱ्या दिवशी कठीण दिसतो. पण दिसणे आणि असणे यांत अंतर आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला कमीत कमी सात दिवस सतत ओले ठेवावे लागते, आणि त्याची ताकद हिशेबात धरतात ती अठ्ठावीस दिवसांची. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस हलवू नयेत, त्याहून लांब गाळ्याचे चौदा दिवस, असा बांधकामशास्त्राचा दंडक आहे. सिमेंट वाळून घट्ट होते, अशी आपली समजूत असते. वास्तविक ते पाणी पिऊन घट्ट होते. लवकर वाळले तर भेगाळते. पाणी मारत राहणे आणि वाट पाहणे यांखेरीज त्या दिवसांत मनुष्याच्या हाती काही नसते. लग्नाची तारीख जवळ आली, वास्तुशांतीच्या पत्रिका छापल्या, म्हणून दगड-वाळू आपला धर्म सोडत नाहीत. मनाचेही तसेच आहे. एका दिवसात शांत हो म्हणून ते शांत होत नाही. रोज थोडे पाणी मारावे लागते, रोज थोडी वाट पाहावी लागते. जो मेस्त्रीला म्हणतो, कालच स्लॅब झाला, आज टेकू काढ, तो गुरूलाही म्हणतो, काल दीक्षा झाली, आज अनुभव दाखव.

तिसरी गोष्ट माणूस. बाराव्या शतकात अनुभवमंटपात जे शरण बसले, त्यांत परीट मडिवाळ माचय्या होते, दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, बांबूकाम करणारे मेदार केतय्या होते, नावाडी अंबिगर चौडय्या होते. कायक करणारा हात हीच त्यांची ओळख होती. आज आपल्या दारात पाटी उचलणारी बाई, वीट रचणारा गवंडी, फरशी कापणारा पोरगा येतो. त्याला प्यायला पाणी कोणत्या भांड्यातून देतो, त्याची मजुरी शनिवारी देतो की सोमवारी या म्हणतो, यावर आपल्या वचनपठणाची किंमत ठरते. फरशी कापताना उडणारी दगडाची भुकटी फुप्फुसात बसून राहते; ओले सिमेंट हातापायांची कातडी खाते. आपल्या घराची शोभा दुसऱ्याच्या छातीत धूळ होऊन बसू नये, यासाठी पाणी सोडून फरशी कापायला लावणे, तोंडाला फडके आणि हाताला मोजे देणे हे घरधन्याचे काम आहे. हे दासोहाहून वेगळे आम्ही मानत नाही.

याच ठिकाणी घरातल्या माणसांचेही सांगावयास हवे. दुरुस्तीत सर्वाधिक त्रास कोणाला होतो, याचा विचार पुरुष मंडळी क्वचित करतात. धनी अंगणात खुर्ची टाकून देखरेख करतो, मोठ्याने बोलतो आणि सायंकाळी थकलो म्हणतो. घरातली स्त्री पत्र्याखाली धुरात स्वयंपाक करते, कामकऱ्यांचा चहा करते, दिवसातून चार वेळा झाडते आणि तेवढ्याच वेळा पुन्हा धूळ बसलेली पाहते. म्हाताऱ्या आई-वडिलांची खाट या खोलीतून त्या खोलीत हलत राहते. ज्या कोपऱ्यात त्यांची चाळीस वर्षे गेली, तो कोपरा एका सकाळी नाहीसा होतो आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. रात्री उठले तर न्हाणीघराची वाट सापडत नाही. भक्तहो, आपली चिडचिड मोजण्यापूर्वी यांची चिडचिड मोजा. एक खोली, लहान का असेना, शेवटपर्यंत हात न लावता ठेवा. म्हाताऱ्यांची खाट आणि लेकरांची पुस्तके तेथे राहू द्या. मन सांभाळण्याचा हा उपाय साधा दिसतो; पण दुसऱ्याचे मन सांभाळताना आपलेही आपोआप जागेवर येते, असा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुष्कळ भक्त विचारतात की, काम चालू असता देवघर मोडावे लागले, मग पूजेचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या धर्माच्या गाभ्यातच आहे. धनवान देवळे बांधतात, पण आपला देह हेच देऊळ, असे सांगून बसवेश्वरांनी स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही, हा सिद्धांत मांडला. आपल्या गळ्यात इष्टलिंग आहे. तळहात हेच त्याचे पीठ. घराची प्रत्येक खोली उकरली गेली, तरी तळहात उकरला जात नाही. परड्यात, गोठ्यात, शेजाऱ्याच्या कट्ट्यावर, जेथे वीतभर स्वच्छ जागा मिळेल तेथे बसून पूजा करता येते. गुरूने आपल्याला हे लिंग अंगावर दिले ते अशाच दिवसांसाठी, असे म्हटले तरी चालेल. ज्या दिवशी घर मोडलेले असेल, त्या दिवशी पूजा दोन घटका अधिक करा. आवाज चालू असेल तर चालू द्या. मेस्त्री हाका मारील तर सांगा की धनी घरात आहेत, थोड्या वेळाने येतील.

आणि स्थावराला नाश आहे, म्हणून ते दुरुस्तच करू नये असेही नाही. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. तेथे बसवेश्वरांचे ऐक्यस्थान धरणाच्या पाण्याच्या फुगवट्यात आले, तेव्हा त्याच्याभोवती विहिरीसारखी भिंत बांधून ते राखण्यात आले. आज भक्त पायऱ्या उतरून आत जातात. स्थावर नश्वर आहे हे ज्यांनी सांगितले, त्यांच्याच स्थळाला भिंत घालून सांभाळावे लागले, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. जे नश्वर आहे त्याची काळजी घ्यावीच लागते. त्यात जीव अडकवून बसू नये, इतकेच.

शेवटी एक गोष्ट न सांगता हा लेख संपवता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या सर्व नद्यांना महापूर आला. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. नदीकाठची मातीची घरे पाण्यात विरघळून बसली. पूर्ण पडलेल्या घरांसाठी कर्नाटक सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले; ते बांधकाम जसे पुढे जाईल तसे टप्प्याटप्प्याने मिळायचे होते. ज्याने हौसेने घर उकरले, त्याला वर लिहिलेले सर्व सांगता येईल. ज्याचे घर नदीने उकरले, त्याला ते सांगू नये. त्याच्यापुढे स्थावर-जंगमाचा सिद्धांत मांडणे हा निर्दयपणा आहे. त्याला आधी ताडपत्री द्यावी, धान्य द्यावे, कागदपत्रे घेऊन कचेरीत त्याच्याबरोबर जावे. शांतीचे बोल त्याने स्वतः काढले तर ऐकून घ्यावेत. वचन हे आपल्या स्वतःच्या दुःखावर लावायचे औषध आहे. दुसऱ्याच्या दुःखावर आधी दासोह लावायचा असतो.

आणि ज्याचे घर हौसेने उकरलेले आहे, त्यानेही हे स्मरावे. फरशीचा रंग मनासारखा मिळाला नाही म्हणून ज्या रात्री झोप येत नाही, त्या रात्री यमगर्णीच्या पुलाखालून वाहणारे पाणी आठवावे. मग घरात जी एक खोली शाबूत ठेवली आहे तेथे जाऊन आई-वडिलांच्या अंगावरचे पांघरूण सरळ करावे, आणि सकाळी गवंडी आला की त्याला आधी चहा द्यावा. फरशीचे त्यानंतर बोलता येईल.

शरणु शरणार्थी.